टेस्ला कॉइलचा हिशोब बरोबर आहे तरी स्पार्क चारच इंच येतो, टॅप हलवू की गॅप वाढवू?

अहो भाऊ, टॅप म्हणजे खालच्या जाड वेढ्यांवर जिथे जोडणी घेता ती जागा, ती हिशोबाच्या जागी ठेवलीय म्हणूनच चार इंच येतोय. गॅपला, म्हणजे कपॅसिटर ज्या फटीतून फुटतो तिला, हात लावू नका.

आम्ही ही हवेत लांब ठिणग्या सोडणारी कॉइल बनवली तेव्हा धुळ्याला शेवटच्या वर्षाला होतो. ११० एमएमचा शेतातला पीव्हीसी पाइप, त्यावर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची २८ गेजची तार, १००० वेढे, ही झाली सेकंडरी, चुलतभाऊ मधेच काही बोलला की मोजणी परत पहिल्यापासून. वर टॉपलोड म्हणून जर्मनच्या दोन पराती तोंडाला तोंड लावून, खाली प्रायमरीला फ्रिजवाल्याकडची पाव इंची तांब्याची नळी. ट्रान्सफॉर्मर भंगारातला, जुन्या निऑन बोर्डाचा, ९००० व्होल्ट ३० मिलिअँपिअर. सेकंडरी २२५ किलोहर्ट्झच्या आसपास येत होती, प्रायमरीची फ्रिक्वेन्सी तिच्याशी जुळवायची, त्या हिशोबाने टॅप साडेनऊ वेढ्यांवर. लावला, सहा इंच.

मी म्हटलं टॅप बाहेर सरकवून बघतो, तर आमचे सर सगळ्या वर्गासमोर म्हणे फॉर्म्युल्यापेक्षा तू शहाणा का, गॅप वाढव. वाढवली. गॅप मोठी झाली की ती लवकर फुटत नाही न् प्रायमरीला वीज साठवून देणाऱ्या कपॅसिटरवर व्होल्टेज चढत जातं, दोन मिनिटांत माळेतले तीन कपॅसिटर गेले. तो वास अजून नाकात आहे.

मग सुट्टीत गावी नेली. रोज रात्री पाव-पाव वेढा बाहेर. पावणेदहाला आठ इंच, दहाला अकरा, सव्वादहाला चौदा, साडेदहाला परत कमी. का, तर स्पार्क हवेत निघाला की तो पण परातींची कपॅसिटन्स वाढवतो, सेकंडरीची फ्रिक्वेन्सी खाली उतरते, मग वेढे वाढवून प्रायमरीलाही तेवढंच खाली आणावं लागतं, आणि कागदावरच्या हिशोबात तो स्पार्क धरलेलाच नसतो. फॉर्म्युला चुकत नाही हो, त्यात घातलेला आकडा चुकतो, एवढंच मी तेव्हा सांगत होतो.

अर्थिंग पण बघा. आम्ही सेकंडरीचं खालचं टोक आधी घराच्या बोर्डाच्या अर्थला दिलं, आईचा टीव्ही गेला. मे महिन्यात आपल्याकडे जमीन म्हणजे दगड, शेवटी ठिबकच्या ओलीत केळीच्या बुडाशी गज ठोकला तेव्हा कुठे जमलं.

टॉपलोड मोठा करायचा तर करा, पण टॅप परत पहिल्यापासून शोधावा लागेल. गॅप ट्रान्सफॉर्मर एकटा जोडून सेट करायची न् मग विसरायची.

हां, एक राहिलं. टॅप हलवताना नुसतं बटण बंद नाही, प्लगच काढा, कपॅसिटर शॉर्ट करून घ्या, हा ट्रान्सफॉर्मर जीव घेतो. मायक्रोवेव्हचा वापरत असाल तर तो नादच सोडा. घरात कोणाला पेसमेकर असेल तर बनवूच नका.

सर मागे एका लग्नात भेटले, मी सव्वादहा वेढ्यांचा विषय काढला. म्हणे वरण-बट्टी थंड होतेय, जेव आधी.