बेस स्टेशनची कार्यपद्धती : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : नियंत्रण कक्षातील बेस स्टेशनवरून (एका जागी बसवलेल्या रेडिओ संचावरून) आमचे प्रत्येक वॉकीटॉकीशी संभाषण व्यवस्थित होते, परंतु दोन वॉकीटॉकीधारकांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही आणि कक्षातील माणसाला प्रत्येक निरोप पुन्हा सांगावा लागतो. संचांत बिघाड असेल का?

उत्तर : बिघाड दिसत नाही. आपले स्टेशन दोन वारंवारतांवर ‘बेस’ पद्धतीने चालत असावे. स्टेशन पहिल्या वारंवारतेवर बोलते व दुसरीवर ऐकते, तर वॉकीटॉकी नेमके उलट करतात. त्यामुळे एका वॉकीटॉकीचा आवाज ज्या वारंवारतेवर जातो, तिथे ऐकायला स्टेशनखेरीज कोणीच नसते. तो आवाज स्टेशनने त्याच क्षणी पुढे पाठवावा असे वाटत असेल, तर कार्यपद्धती ‘रिपीटर’ करावी लागेल.

मात्र प्रोग्रॅमिंगमध्ये हा पर्याय निवडण्यापूर्वी उपकरण त्यासाठी बनले आहे का, हे पाहावे. रिपीटर एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो. म्हणून ट्रान्समीटर व रिसीव्हर स्वतंत्र हवेत आणि दोघांना एकच अँटेना द्यायचा असेल तर मधे डुप्लेक्सर (पाठवायचा आणि ऐकायचा संकेत वेगळा ठेवणारा फिल्टर) हवा. गाडीत बसवायचा साधा संच टेबलावर ठेवून बेस म्हणून वापरला जात असेल, तर त्याच्याकडून हे काम होणार नाही. शिवाय आता सर्वांच्या बोलण्याचा भार एकाच ट्रान्समीटरवर येतो, तेव्हा तो पूर्ण शक्तीवर अखंड चालू शकणारा असावा. गोंगाटाने रिपीटर उघडू नये म्हणून रिसीव्हरला सीटीसीएसएस टोन (बोलण्यासोबत जाणारा ओळखीचा मंद स्वर, तो असेल तरच रिसीव्हर उघडतो) अवश्य लावावा. हे टोन साधारणपणे ६७.० ते २५४.१ हर्ट्झ या पट्ट्यात असतात.

जवळच्या दोघांपुरतेच बोलणे हवे असेल, तर वॉकीटॉकींमध्ये सिम्प्लेक्स (एकाच वारंवारतेवर बोलायचे व ऐकायचे) चॅनेल भरणे पुरेसे आहे. पण ते चॅनेल पहिल्या वारंवारतेवर असेल, तर त्यावरील हाक नियंत्रण कक्षाला ऐकू येणार नाही, कारण कक्ष दुसरीवर ऐकतो. संकटात सापडलेला माणूस चुकीच्या चॅनेलवर मदत मागत राहू नये, यासाठी ही गोष्ट प्रत्येक वापरकर्त्याला समक्ष सांगा.

प्रश्न : रिपीटर पद्धत सुरू केल्यापासून दूरचे संच तुटक ऐकू येतात. पूर्वी तेच संच स्वच्छ ऐकू येत असत.

उत्तर : आपलाच ट्रान्समीटर आपल्या रिसीव्हरला बहिरे करत असावा. ४० वॉटचे प्रेषण म्हणजे सुमारे ४६ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती), आणि दूरच्या संचाचा क्षीण संकेत उणे ११६ डीबीएमच्या आसपास असू शकतो. हा फरक १६२ डेसिबलचा झाला. यातला मोठा वाटा डुप्लेक्सरने आणि उरलेला रिसीव्हरच्या निवडक्षमतेने पेलायचा असतो. १२ डेसिबल सिनॅडसाठी (गोंगाटाच्या तुलनेत आवाज किती स्वच्छ आहे याचे माप) लागणारी संकेतपातळी ट्रान्समीटर बंद ठेवून मोजा, मग तो चालू करून मोजा. दुसऱ्या वेळी जास्त संकेत लागला, तर ट्रान्समीटरचे प्रेषण डमी लोडमध्ये (अँटेनाऐवजी जोडायच्या, शक्ती शोषून घेणाऱ्या भारात) सोडून रिसीव्हर वेगळ्या अँटेनावर तपासा. त्रास नाहीसा झाला, तर डुप्लेक्सरचे ट्यूनिंग, सैल कनेक्टर किंवा केबल यांकडे वळा. सॉफ्टवेअरमधील स्क्वेल्च (संकेत क्षीण असताना आवाज बंद ठेवणारी मर्यादा) सैल करून हा दोष झाकला जातो, दूर होत नाही.

प्रश्न : निम्मे संच डीएमआर (डिजिटल रेडिओचे एक मानक) आणि निम्मे जुने ॲनालॉग आहेत. स्टेशनवर दोन्ही चालवणारी मिश्र पद्धत ठेवावी का?

उत्तर : संक्रमणकाळापुरती ठेवावी, कायमची नको. डीएमआरमध्ये १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलात ३० मिलिसेकंदांचे दोन टाइम स्लॉट आळीपाळीने चालतात, म्हणजे दोन स्वतंत्र संभाषणे होऊ शकतात. पण ॲनालॉग हाक आली की संपूर्ण चॅनेल तिच्याकडे जाते आणि दोन्ही स्लॉट अडकतात. ज्या क्षमतेसाठी डिजिटल घेतले, ती तेवढ्या वेळापुरती हातची जाते. ॲनालॉग संचांच्या ग्रहणालाही टोन लावा, नाहीतर डिजिटल संकेताचा कर्कश खरखराट त्यांना सतत ऐकावा लागेल. जुने संच २५ किलोहर्ट्झसाठी प्रोग्रॅम केलेले असतील, तर त्यांचे डेव्हिएशन (बोलताना वारंवारता किती सरकते ते) ±५ वरून ±२.५ किलोहर्ट्झवर आणा. डिजिटल बाजूला कलर कोड (स्टेशन ओळखण्याचा क्रमांक, ० ते १५ पैकी एक) आणि स्लॉट क्रमांक स्टेशनशी जुळले पाहिजेत.

प्रश्न : दूरस्थ कन्सोलवरून बटण दाबताच स्टेशन प्रेषण सुरू करते, पण लगेच थांबते.

उत्तर : टोन रिमोट पद्धतीत (कन्सोलच्या आज्ञा लाइनवरून स्वरांनी पाठवण्याच्या) आधी २१७५ हर्ट्झचा जोरकस गार्ड टोन, मग आज्ञेचा छोटा टोन आणि त्यानंतर बटण दाबलेले असेपर्यंत त्याच २१७५ हर्ट्झचा मंद टोन जातो. पहिले दोन पोहोचत आहेत, मंद टोन पोहोचत नाही, असा आपल्या लक्षणाचा अर्थ आहे. लाइनची पातळी स्टेशनच्या टोकाशी मोजा. मधे आवाज दाबून पाठवणारी डिजिटल जोडणी असेल, तर तिथे दाबरहित कोडेक (आवाजाचे डिजिटल रूपांतर करण्याची पद्धत) निवडा. आवाजासाठी बनलेला दाब अखंड टोनची मोडतोड करतो.