भाडेकरू मध्येच निघाला, तर डिपॉझिट ठेवून घेता येतं का?

तुमचा प्रश्न असा: ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, भाडं २२ हजार, डिपॉझिट ६० हजार, लॉक-इन (म्हणजे ज्या काळात मध्येच सोडून जायचं नाही) ६ महिन्यांचा. चारच महिने राहून भाडेकरू बंगळुरूला निघालाय. उरलेल्या सातही महिन्यांचं भाडं मागता येईल का?

मागता येईल हो, मिळणार नाही. माझे पुण्यात दोन फ्लॅट भाड्याने आहेत आणि हा प्रकार मी तीनदा सोसलाय.

आधी करार काढून लॉक-इनचं कलम शब्दन् शब्द वाचा. तुमच्या हिशोबाने लॉक-इनचे दोन महिने उरतात, म्हणजे ४४ हजार. तुमचा खरा दावा तेवढाच. तोही आपोआप पदरात पडत नाही, कारण भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट देतं ती वाजवी भरपाई. नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत, हेही विचारलं जातं. फ्लॅट तीन आठवड्यांत पुन्हा गेला आणि तरी जुन्याकडून दोन महिन्यांचं कापलंत, तर ते टिकणं अवघड.

म्हणून आजच एजंटला फोन करा. भाडेकरूलाच सांगा, तुझ्या जागी माणूस आण. मी दुसऱ्या वेळी हेच केलं. त्याच्याच ऑफिसातली मुलगी आली. रिकामे दिवस, एजंटची दलाली आणि लाइट बिल एवढंच कापलं, कुणाचीच कुरकुर नव्हती.

करार नोंदवलेला आहे ना? नसेल तर आवाज जरा खाली ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: नोंदणी मालकाची जबाबदारी, आणि नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरतात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तो म्हणाला लॉक-इन नव्हताच, की बसा.

कुलूप घालणं, सामान अडवणं, पाणी तोडणं असलं काही करू नका. पहिल्या खेपेला मी रागात चावी काढून घेतली होती. चौकीत दोन तास बसलो आणि शेवटी सगळं डिपॉझिट परत दिलं.

निघताना मात्र घराचे फोटो, मीटरचं रीडिंग आणि ‘अमुक तारखेला ताबा परत दिला, डिपॉझिटमधून इतके वजा, बाकी इतके मिळाले’ असं दोघांच्या सहीचं पत्र घ्या. पैसे बँकेतूनच द्या. पत्राची एक प्रत सोसायटीच्या ऑफिसात देऊन टाका.