जुन्या मिस्सेकडे वळणाऱ्या तरुणास

जुन्या लॅटिन मिस्सेची (कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनाविधीची) ओढ तुम्हांला वाटते, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र आधी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा) 1963 चा उपासनाविषयक दस्तऐवज स्वतः वाचा, कारण लॅटिनचा वापर टिकवावा आणि इतर बाबी समान असता ग्रेगोरियन गायनाला (चर्चच्या पारंपरिक लॅटिन गायनाला) अग्रस्थान द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, तर धर्मगुरूंनी लोकांकडे तोंड करून उभे राहावे, असा आदेश त्यात कोठेही नाही. आपल्याला व्यथित करणारे बरेच बदल परिषदेनंतर आले.

पंचांग प्रणाम, आरती आणि मेणबत्त्यांऐवजी समई यांना मात्र रोमने 1969 मध्ये भारतासाठी रीतसर मान्यता दिली होती. त्यामुळे नागपूरच्या सदर भागातील कॅथेड्रलमध्ये किंवा अन्यत्र ते दिसल्यास त्याला पाखंड म्हणू नका. (मला स्वतःला गुडघे टेकणेच अधिक भावते.)

पोप फ्रान्सिस यांच्या 2021 च्या आदेशानुसार 1962 च्या मिस्साग्रंथाच्या, म्हणजेच जुन्या लॅटिन मिस्सेच्या, वापराची परवानगी देणे बिशपांच्या अधिकारात आहे. म्हणून नागपूरच्या आर्चबिशपांना नम्रपणे विनंतीपत्र लिहा, आणि तोवर आपल्या पॅरिशमधील रविवारची मराठी किंवा हिंदी मिस्सा न चुकवता ग्लोरिया (स्तुतिगीत) आणि क्रेडो (श्रद्धेची कबुली) या मिस्सेतील प्रार्थना लॅटिनमध्ये अर्थासह पाठ करा.