बीपीची गोळी आणि किडनी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मला मधुमेह आहे. बीपी १२८/८० असूनही लघवीतून प्रथिन जातंय म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिली. बीपी ठीक असताना ती कशाला? (एक वाचक, सांगली)

ती गोळी अँजिओटेन्सिन-२ या संप्रेरकाला अडवते. ८ अमिनो आम्लांचं हे छोटंसं पेप्टाइड. रक्तपुरवठा कमी पडतोय असं वाटलं की किडनी रेनिन सोडते. यकृतातून आलेल्या प्रथिनाचा त्यानं एक तुकडा पडतो आणि मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधलं 'एसीई' हे विकर त्याचं अँजिओटेन्सिन-२ करतं. मग रक्तवाहिन्या आवळतात, मीठ-पाणी शरीरात धरून ठेवलं जातं. रक्तस्राव झाला किंवा जुलाब लागले तर यानंच जीव वाचतो. पण हा जोर कायम राहिला की घात होतो. किडनीच्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी नळी जास्त आवळली जाते, आत दाब वाढतो, प्रथिन झिरपतं, हळूहळू व्रण होतात. हृदयाचा स्नायूही जाड आणि ताठर होत जातो.

दंडावर मोजलेला आकडा गाळणीतला हा दाब दाखवत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांपैकी एका गटाला टेल्मिसार्टनच्याच जातीचं आयर्बेसार्टन, दुसऱ्याला वेगळ्या जातीचं बीपीचं औषध अ‍ॅम्लोडिपिन दिलं होतं. बीपी दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं, तरी किडन्या आयर्बेसार्टनच्या गटात जास्त टिकल्या. म्हणून कळकळीनं सांगतो, बीपी नॉर्मल आलं म्हणून ही गोळी स्वतःहून बंद करू नका. लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) मात्र वर्षातून एकदा तरी तपासा. ही साधी तपासणी राहून जाते याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : रॅमिप्रिल सुरू झाल्यापासून कोरडा खोकला थांबत नाही. (एक वाचक, नाशिक)

एसीई हे विकर ब्रॅडिकायनिन नावाचं शरीरातलं आणखी एक पेप्टाइडही मोडतं. रॅमिप्रिलनं ते अडलं की ब्रॅडिकायनिन साठतं आणि खोकला येतो. डॉक्टर बहुधा 'सार्टन' गटातलं (टेल्मिसार्टनसारखं) औषध बदलून देतील. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र तातडीनं रुग्णालय गाठा. (रॅमिप्रिलच्या गटातलं पहिलं तोंडावाटे घ्यायचं औषध, कॅप्टोप्रिल, ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावरच्या अभ्यासातून घडलं.)

प्रश्न : गोळीनंतर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.२ वरून १.४ झालं. किडनी बिघडली का? (एक वाचक, अकोला)

नाही. गाळणीतला दाब उतरल्यावर सुरुवातीला इतकं वाढणं अपेक्षितच असतं. साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो. या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, ते तपासलंत का? नसेल तर या आठवड्यात तपासा. उलट्या-जुलाब लागले तर गोळी थोडे दिवस थांबवायची का, हे लगेच डॉक्टरांना फोन करून विचारा.

प्रश्न : सून लोसार्टन घेते. आता बाळाचा विचार चाललाय. (एक वाचक, पणजी)

आधी डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या. गरोदरपणात ही औषधं बाळाच्या किडनीला इजा करतात, गर्भजल घटतं. पाळी चुकली असेल तर आजच भेटा.