लूझरमध्ये ओ एक की दोन?

भाऊ, तुझा प्रश्न वाचला. गावच्या टेनिस बॉल टुर्नामेंटसाठी १५ टी-शर्ट छापायचे आहेत. पाठीवर ‘नो लूझर्स’ पाहिजे. तालुक्याच्या दुकानदारानं पाठवलेल्या नमुन्यात दोन ओ आहेत, तुझा चुलतभाऊ म्हणतो एकच पाहिजे, आणि त्यावरून ग्रुपवर अशी जुंपली की ॲस, आर्स, ट्विट, ट्वॅट सगळं लिहून झालं. आता तू विचारतोस, यातलं खरं काय आणि हे शब्द एकच की वेगवेगळे.

चुलतभाऊ बरोबर आहे. ओ एकच: एल, ओ, एस, ई, आर. दोन ओ टाकले की ‘जास्त ढिल्ला’ असा अर्थ होतो. म्हणजे तुमच्या पाठीवर ‘इथं जास्त ढिल्ले कोणी नाही’ असं छापून येईल.

पण ही चूक बावळटपणाची नाही, कानाची आहे. मी जिल्ह्यातल्या खेड्यांत २७ वर्षं इंग्रजी शिकवलं आणि नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः फळ्यावर दोन ओ लिहिले होते. आठवीतली एक मुलगी उठली. हातात फाटक्या पुठ्ठ्याचा शब्दकोश, बोट त्या ओळीवर. म्हणे, “सर, याच्यात तं ‘अधिक सैल’ लिहून हाये.” मी फळा पुसला, आणि त्या दिवसापासून हे शब्द कानानं न शिकवता डोळ्यानं शिकवायला लागलो.

कानाची गडबड कशी होते ते बघ. आपण ‘लूज मोशन’ म्हणतो, ट्रॅक्टरचा नट ‘लूज’ झाला म्हणतो. इंग्रजीत मात्र ढिल्ला या अर्थाच्या शब्दात शेवटी चक्क स आहे: लूस. हरणे या अर्थाच्या शब्दात झ आहे: लूझ. आपण दोन्हीला ज लावून मोकळे झालो, मग कानाला फरक कळणार कुठून? गळ्यावर दोन बोटं ठेव आणि लांब ‘स्स्स्’ म्हण. काही होत नाही. आता ‘झ्झ्झ्’ म्हण, बोटांखाली गुणगुण लागते. हरणारा म्हणजे गुणगुण लागणारा शब्द. असे बारीक फरक आपल्याला जमत नाहीत असं मुळीच नाही. ‘चार बैल’ आणि ‘बैलाचा चारा’ यातले दोन च वेगळे आहेत, लिहिताना एकच अक्षर असूनही खेड्यातलं पाच वर्षांचं पोरगंही ते चुकत नाही. फक्त इंग्रजीतला फरक आपल्याला कोणी ऐकवलेला नसतो.

स्पेलिंग लक्षात ठेवायला शब्दाची भावकी बघ. लूझ, लॉस्ट, लॉस, लूझर, एकाच घरचे, सगळ्यांकडे ओ एकेक. खरा घोळ घालतो तो निवडणे या अर्थाचा ‘चूझ’. त्यात आवाज झ चा आणि ओ मात्र दोन. त्याच्याकडे बघून जन्मापासून इंग्रजी बोलणारे लोकही लूझरला दोन ओ लावतात, अगदी रोज. दुकानदारावर चिडू नको.

दुसरी गडबड ऱ्हस्व-दीर्घाची. मराठीत मूल, फूल, पीठ, खीर असं आपण लांबवतो आणि मुलाला, पिठात म्हणताना आखूड करतो. अर्थ बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. मूर्ख म्हणायचं असेल तर फूल, दोन ओ. भरलेला म्हणायचं असेल तर फुल, यू आणि दोन एल. (या फूलचं मूळ लॅटिनमधल्या लोहाराच्या भात्यात आहे. नुसती हवा भरलेला, म्हणून मूर्ख. मला हे फार आवडतं.) समुद्रकिनारा लांब ‘बीच’ आहे. तोच आखूड झाला की कुत्री, आणि बाईला उद्देशून म्हटला तर घाण शिवी. गोव्याच्या सहलीचे फोटो टाकताना पोरं इथंच फसतात.

ट्विट आणि ट्वीटचंही तेच. आय लावून आखूड म्हटलं तर ट्विट, म्हणजे येडपट, सौम्य शब्द. दोन ई लावून लांब म्हटलं तर चिमणीची चिवचिव, आणि आता पोस्टही.

ट्वॅट मात्र यांच्या रांगेत बसवू नको. आय च्या जागी ए आला की तो स्त्रीच्या गुप्तांगाचा गलिच्छ शब्द होतो. इंग्लंडात मूर्ख किंवा हलकट माणसाला शिवी म्हणून तो वापरतात, पण मूळ अर्थ तोच राहतो. ज्या ग्रुपवर तुमच्या काकू आणि बहिणी आहेत तिथं तो गेला असेल, तर आजच खोडून टाका आणि माफी मागा. शब्द ठाऊक नसताना वापरला की काय होतं, याचं उदाहरण मोठ्या माणसाचंच आहे. रॉबर्ट ब्राउनिंग हा नावाजलेला इंग्रज कवी. १७व्या शतकातल्या एका टवाळ कवितेत त्यानं हा शब्द ननच्या संदर्भात वाचला, ननचं काहीतरी वस्त्र असेल असं समजला, आणि १८४१ साली स्वतःच्या काव्यात गंभीरपणे वापरून बसला. ते आजही तसंच छापलेलं आहे.

आता ॲस आणि आर्स. हे मुळात दोन वेगळे शब्द. ॲस म्हणजे गाढव, लॅटिन ‘असिनस’पासून. आर्स म्हणजे ढुंगण, जुना अस्सल इंग्रजी शब्द. अमेरिकेत स च्या आधीचा र गळत गेला: कर्सचं कस झालं, बर्स्टचं बस्ट झालं, तसं आर्सचं ॲस झालं. म्हणून आज अमेरिकन माणसाच्या तोंडी गाढव आणि ढुंगण दोन्ही एकाच स्पेलिंगमध्ये राहतात, ए आणि दोन एस. इंग्लंडात ढुंगणाला अजून आर लावूनच लिहितात, उच्चारात तो आर ऐकू आला नाही तरी. ‘जॅकॲस’ लिहिलं असेल तर निखळ गाढव समज, जॅक म्हणजे तिथं नर. तेव्हा तुमच्या भांडणात दोघांचंही स्पेलिंग बरोबर होतं, फक्त एक अमेरिकेचा आणि एक इंग्लंडचा.

आपल्या वऱ्हाडात येड्या माणसाला कोणी भैताड लिहितो, कोणी बैताड, कोणी बयताड. काहीही लिहा, ऐकणाऱ्याला बरोबर लागतं, काहून की शब्द एकच आहे. इंग्रजीत आर्स-ॲससारखा एखादा अपवाद सोडला तर बहुतेक वेळा एक अक्षर हललं की शब्दच दुसरा होतो, एवढं धरून चाल.

टी-शर्टचं काम उद्यावर ढकलू नको. शाई चढली की एक ओ काढता येत नाही. आणि दुकानदाराला फोनवर ‘लूझर्स’ सांगू नको, तो पुन्हा कानानंच लिहील. वहीच्या कागदावर सहा अक्षरं मोठी, सुटी सुटी लिही: एल, ओ, एस, ई, आर, एस. त्याचा फोटो पाठव, आणि नवा नमुना आल्यावर एकेका अक्षरावर बोट ठेवून मोज.