एक्सपल्सला स्टिअरिंग डॅम्पर: आधी कोनसेट, मग खरेदी

तुझी तक्रार थोडक्यात अशी: हीरोची एक्सपल्स २०० ४व्ही, इंदूरजवळ चोरलच्या बाजूच्या खडीच्या कच्च्या रस्त्यावर साठ-सत्तरला हँडल दोन्ही बाजूंना फडफडतं, बडवाहकडे नर्मदेच्या वाळूत पुढचं चाक मनाला येईल तिकडे जातं, आणि मित्र म्हणतोय स्टिअरिंग डॅम्पर (हँडलचे झटके शोषणारा भाग) टाक, सगळं थांबेल. कुठला घेऊ आणि घरी लावता येईल का, हे तू विचारलंस. घरी लावता येतो. पण वाळूतलं आणि खडीवरचं ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि खडीवरच्या दुखण्याला बहुधा डॅम्पर लागणारच नाही.

धडधाकट एक्सपल्स साठ-सत्तरला फडफडत नाही. तू काही पीथमपूरला नॅट्रॅक्सच्या, म्हणजे गाड्या तपासण्याच्या केंद्राच्या, ११.३ किलोमीटरच्या ट्रॅकवर गाडी पिळत नव्हतास. एवढ्याशा वेगाला हँडल थरथरतं तेव्हा काहीतरी ढिलं असतं, वाकलेलं असतं, नाहीतर वजन भलत्या जागी असतं. डॅम्पर ते झाकतो. थरथर गेली म्हणून तू खूश होतोस आणि खाली कोनसेटची (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगची) रेस, म्हणजे गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी, झिजत राहते.

म्हणून आधी कोनसेट बघ. इंजिनखालच्या बॅशप्लेटला जॅक किंवा लाकडी ठोकळा देऊन पुढचं चाक हवेत घे, घरातल्या कुणाला तरी मागून गाडी धरायला सांग. समोर बसून फोर्कचे (पुढच्या सस्पेन्शनचे) दोन्ही पाय खाली ॲक्सलजवळ पकड आणि पुढे-मागे ओढ. हाताला टक् लागलं की समज कोनसेट ढिला आहे. मग एका बोटाने हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत ने. बरोबर मधोमध, सरळ चालवताना जिथे असतं तिथेच, ते खोबणीत बसल्यासारखं अडकलं तर रेसला खड्डे पडलेत. असा कोनसेट बदलायचा, आवळायचा नाही. पुष्कळ मेकॅनिक तो इतका आवळतात की खटखट बंद होते आणि गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. मग हँडल जड होतं आणि गाडी सरळ रस्त्यावरही डुलत चालते. सुट्टे भाग छोटी ग्वालटोलीत मिळतील, पण बसवून घेताना स्वतः उभा राहा. जुनी रेस ठोकून काढताना फ्रेमची आतली कड खरवडली तर नवी रेस तिरकी बसते.

चाक वर आहेच, तर ते फिरवून रिमचा आऊट, म्हणजे ती किती वाकडी फिरते ते, बघ. फोर्कला एक काडी टेकवून धरली की कळतं. स्पोकवर पान्याने हलकंसं वाजव. ज्याचा आवाज बद्द येईल तो ढिला. चाक कडेकडेने हलवून बेअरिंग बघ. पुढच्या टायरच्या गोट्या (रबराचे ठोकळे) एका बाजूने झिजून करवतीसारख्या झाल्या असतील तर त्या टायरवर फडफड येणारच, वर काहीही लाव.

आता सामान. तू वर्णनात टॉप बॉक्सचा उल्लेख ओझरता केलास. मला संशय तिथेच आहे. मागच्या ॲक्सलच्याही मागे, उंचावर दहा-बारा किलो टांगले की पुढचं चाक हलकं होतं आणि हलकं चाक थरथरतं. एकदा बॉक्स काढून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जाऊन ये. फरक पडला तर पैसे वाचले.

सॅगही मोज, म्हणजे तुझ्या वजनाने गाडी किती बसते ते. तुझ्या मॉडेलला पुढे १९० आणि मागे १७० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शनची एकूण हालचाल) आहे. बूट, हेल्मेट, पाठीवरची पिशवी, सगळं घालून तू बसलास की गाडी ट्रॅव्हलच्या साधारण ३० टक्के बसावी, म्हणजे मागे पन्नासच्या आसपास, पुढे पंचावन्न-साठ. मागच्या ॲक्सलपासून सीटखालच्या पॅनलवर चिकटपट्टीची खूण करून मोजलं की झालं. मागच्या मोनोशॉकचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) दहा पायऱ्यांचा आहे, त्यात बरंच काम भागतं. मागून फार बसली तर पुढचं हलकं. उलट कुणी प्रीलोड शेवटपर्यंत पिळून ठेवला असेल तर मागचं टोक वर जातं, फोर्क उभा होतो, ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला लागते तिथून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो आणि स्टिअरिंग अधीर होतं. हँडल खाली घ्यावं म्हणून फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून वर सरकवल्या असतील तर तेच.

एवढं सगळं नीट असूनही वाळूत आणि सुट्ट्या दगडांत त्रास उरला, तर तिथे डॅम्पर खरंच कामाचा. विंध्याच्या उतरणीवरचा काळा दगड गोल नसतो, कडा असलेला असतो. चाकाच्या कडेला तो लागला की हँडल हातातून हिसकतं. तो हिसका डॅम्पर खातो. आत तेल आणि बारीक छिद्र एवढंच असतं. हळू फिरवलं तर तेल निवांत जातं, झटक्याने फिरवलं तर अडतं. दवाखान्याच्या दारावरचा क्लोजर तसाच. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या हँडलमध्ये मधोमध काळा नॉब असायचा, तोही डॅम्परच, पण घर्षणाचा. तो आवळला की हळू फिरवतानाही हँडल जड, म्हणून साइडकारवाल्यांना तो आवडायचा.

घेताना रोटरी, म्हणजे गोल फिरणारा डॅम्पर घे. ऑनलाइन जे लांबट, रॉड आत-बाहेर होणारे रंगीत डॅम्पर स्वस्तात दिसतात ते रस्त्यावरच्या स्पोर्ट बाइकसाठी ठीक. आपल्या गाड्यांचं हँडल दोन्हीकडे खूप वळतं, त्या रॉडचा स्ट्रोक तिथे संपतो. स्ट्रोक संपला की डॅम्परच स्टिअरिंगचा स्टॉपर होऊन बसतो. वाळूत गाडी आडवी झाली की पहिला तोच वाकतो आणि हँडल एका बाजूला अडकवून ठेवतो. शिवाय त्यांची पकड फोर्कच्या नळीवर असते. इथल्याच एकाच्या गाडीवर ती पकड खालच्या क्लॅम्पच्याही खाली, उघड्या क्रोमच्या भागावर लावलेली मी पाहिली. पहिल्या मोठ्या खड्ड्यात फोर्क पूर्ण दबला, खालचा पाय वर येऊन पकडीवर आपटला, डस्ट सील फाटलं आणि नळीवर कायमचा ओरखडा. डॅम्परच्या किमतीपेक्षा ते काम महाग पडलं.

रोटरीत स्कॉट्सचा प्रसिद्ध आहे, तो ओलिन्स कंपनी बनवते. त्यातली मला आवडणारी गोष्ट ही की हँडल मध्यापासून बाहेर जाताना तो अडवतो आणि मध्याकडे परत येताना मोकळं सोडतो. चाक सरळ होऊ पाहत असेल तर त्याला कशाला अडवायचं? इतर रोटरी काही दोन्हीकडे अडवतात, तेही चालतात, फक्त सेटिंग हलकं ठेवावं लागतं. बाहेरून मागवलेला डॅम्पर आणि किट मिळून गाडीच्या किमतीचा चांगलाच लचका तुटतो, हे धरून चाल. तेवढे पैसे हातात असतील तर मी आधी सस्पेन्शनवर घालेन. याच गाडीच्या ४व्ही प्रो आवृत्तीचं पुढे २५०, मागे २२० मिमी ट्रॅव्हल, तेही सगळं ॲडजस्ट होणारं, हा दगडांवरचा जास्त मोठा फरक आहे.

बसवताना खरी गोम डॅम्परमध्ये नसते, फ्रेमवरच्या पिनमध्ये असते. डॅम्परचं अंग हँडलच्या क्लॅम्पवर बसतं आणि त्याचा आर्म मागे, फ्रेमवर घट्ट असलेल्या एका उभ्या पिनमध्ये अडकतो. फ्रेमला धरून राहायचं काम त्या एका पिनचं. ती मिलिमीटरभर हलली तरी पहिला हिसका तेवढ्यात निसटतो आणि तू म्हणतोस डॅम्पर बोगस आहे. तुझ्या मॉडेलचं तयार किट मिळालं तर उत्तम. नाहीतर हेडपाइपभोवती (कोनसेट बसतो ती फ्रेमची नळी) दोन भागांत आवळला जाणारा ब्रॅकेट सांवेर रोडवर लेथ-मिलिंगवाल्याकडून करून घे. ॲल्युमिनियम ६०६१ टी६ सांग, भंगारातून ओतलेला तुकडा नको. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा आकडा कोरलेला असला पाहिजे. सियागंजात मिळतात, पण डोकं वाचून घे. फ्रेमला वेल्डिंग करू देऊ नकोस. हेडपाइपजवळची उष्णता बेअरिंगच्या जागेला बाधते, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूची (इंजिनच्या संगणकाची) भीती वेगळी, आणि वॉरंटी असेल तर तीही गेली.

सुरुवातीला टाकीवर जुनी गोधडी घाल आणि केबल कशा गेल्यात त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढ. हँडल उतरव, डॅम्परची पट्टी क्लॅम्पखाली बसव. हँडल साधारण इंचभर वर येतं. उभं राहून चालवणाऱ्याला ते बरंच पडतं. बोल्ट मात्र त्या मानाने लांब घ्यावे लागतात. ॲल्युमिनियमच्या आट्यात बोल्ट व्यासाच्या दीडपट तरी शिरायला हवा, म्हणजे ८ मिमीचा असेल तर १२ मिमी. चार-पाच आट्यांवर हँडल पेलून धरू नकोस.

शाफ्ट ते पिन हे अंतर किटच्या कागदावर दिलेलं असतं, तेवढंच ठेव. हँडल सरळ असताना शाफ्ट, आर्म आणि पिन एका रेषेत यायला हवेत. आर्म पिनवर सैल तरंगला पाहिजे; वरून दाबला जात असेल किंवा खालून उचलला जात असेल तर शाफ्टचं सील महिन्यांतच तेल गाळू लागेल. पिनला जरासं ग्रीस लाव. आता हँडल पूर्ण डावीकडे ने. गाडीचा मूळ स्टॉपर टेकला पाहिजे, आणि त्या स्थितीत आर्म बोटाने हलवला तर थोडा तरी हलला पाहिजे. उजवीकडेही तसंच. आर्म घट्ट लागला तर थांब, पिनची जागा बदल. हे सोडून पुढे जायचं नाही. टाकीची पुढची कड आणि चावीही बघ, काही पिन चावी फिरवणाऱ्या बोटांच्याच आड येतात.

मग इंजिन चालू करून आयडलवर हँडल दोन्ही टोकांना ने. आरपीएम वाढला तर थ्रॉटल केबल ताणली जातेय, तिचा मार्ग बदल. क्लच केबल, ब्रेकची नळी, वायरिंगचा गुच्छा, हे फोर्क पूर्ण लांबलेला असताना तपास. बोल्टना निळं थ्रेडलॉकर, आणि टॉर्क रेंच कुणाकडून तरी माग.

सेटिंगला सगळं शून्यावर आणून सुरुवात कर. चाक वर असताना शून्यावर हँडल आपल्या वजनाने बाजूला पडायला हवं. मग दोन-दोन क्लिक वाढवत त्याच खडीच्या पट्ट्यावर फिर. हिसका मनगटापर्यंत येईनासा झाला की थांब. हात शिवशिवतात आणखी पिळायला, पण जास्त झालेला डॅम्पर कमीपेक्षा वाईट. हळू चालवताना आपण तोल हँडलच्या बारीक बारीक हालचालींनीच सांभाळतो. त्या अडल्या की चालण्याच्या वेगाला गाडी झिंगल्यासारखी जाते. वेगातही जड डॅम्पर थरथर मारतो, पण सगळी गाडी मागून संथ डोलायला लागते, आणि ती डोल आवरायला जास्त कठीण. महूकडच्या अरुंद पायवाटेवर वळणं घेताना हँडलशी भांडावं लागत असेल तर दोन क्लिक परत सोड. मे महिन्याच्या उन्हात तेल पातळ होतं, जानेवारीच्या पहाटे घट्ट असतं, त्यामुळे क्लिकचा आकडा पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही.

पहिल्या फेरीनंतर पिनचे आणि हँडलचे बोल्ट पुन्हा बघ. धुताना प्रेशर पाइप शाफ्टच्या सीलवर धरू नकोस. आपली काळी माती एकदा आत गेली की सील घासत राहते.

कोनसेटचं काय निघालं आणि बॉक्स काढून फडफड थांबली का, ते सांग. पुढच्या टायरचा एक फोटोही दे, उन्हात, कडेने काढलेला.