जर्मनीतलं सेमिस्टर इथल्या मार्कशीटवर उतरतं का?

पत्र: माझी मुलगी पुण्यातल्या एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाचवं सेमिस्टर जर्मनीत करता येईल, तो अभ्यासक्रमाचाच भाग आहे, असं कॉलेज म्हणतं. खर्च ९ लाख. हे शिक्षण आहे की जाहिरात? – एक पालक, धायरी

नमस्कार,

'अभ्यासक्रमाचाच भाग' हे माहितीपत्रकात छापायला काही लागत नाही. परीक्षा विभागाला ते ठाऊक आहे का, हे बघा.

माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता. तिकडे एका विषयात २.३ मिळवून परतलेला. जर्मनीत १.० सर्वांत उत्तम आणि ४.० म्हणजे काठावर पास, तेव्हा २.३ चांगलेच. इथल्या क्लार्कने ते दहापैकी धरले आणि पोरगा नापास! ते निस्तरण्यात दोन महिने गेले. शिवाय तिकडच्या एका विषयाचं नाव इथल्या 'हीट ट्रान्सफर'शी जुळेना, म्हणून तो पेपर बॅकलॉग म्हणून पुन्हा द्यावा लागला. ज्या सरांनी तोंडी 'होऊन जाईल' म्हटलं होतं, ते तोवर नोकरी सोडून गेले होते.

नियमांची आडकाठी नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार ट्विनिंगमध्ये (पदवी इथली, काही शिक्षण परदेशी संस्थेत) ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशात मिळवता येतात. एक सेमिस्टर त्यात सहज बसतं. तुमचं कॉलेज स्वायत्त आहे, त्यामुळे विषयांची अदलाबदल त्यांच्याच हातात आहे. मग कागद मागा: तिकडचे ३० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजण्याची पद्धत; एका सेमिस्टरचे ३०) क्रेडिट इथल्या कोणकोणत्या विषयांच्या जागी धरणार, ग्रेड कोणत्या सूत्राने बदलणार, सगळं समोरासमोर लिहिलेलं, दोन्हीकडच्या सह्यांसह. युरोपात इरॅस्मस ही विद्यार्थी-देवाणघेवाणीची योजना १९८७ पासून चालू आहे. तिथला विद्यार्थी असा करार हातात घेऊनच निघतो. तिकीट काढल्यावर करू म्हणाले, तर तिकीट काढू नका.

वेळापत्रकही विचारा. तिकडच्या हिवाळी सत्राच्या परीक्षा जानेवारीच्या शेवटी, कधी फेब्रुवारीतही असतात. तोवर इथे सहावं सेमिस्टर सुरू झालेलं असतं. बुडालेल्या प्रॅक्टिकल्सचं काय? पाचवं सेमिस्टर निवडलंय हे मात्र बरं केलं. सातव्यात गेली असती तर प्लेसमेंट हुकली असती.

आता ९ लाख. व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात. सहा महिन्यांचे आजच्या दराने साधारण सहा लाख, आणि ते तिच्याच राहण्याखाण्यावर खर्च होणार. खरं एक्स्चेंज असेल तर तिकडची ट्यूशन फी माफ असते, फी इथेच भरायची. विमान, विमा, व्हिसा धरूनही उरलेली रक्कम कुणाच्या खिशात जाते, ते लेखी मागा. (दहा दिवसांच्या 'इंटरनॅशनल इमर्शन' सहलीसाठी कर्ज काढणारे पालकही मी पाहिलेत. सहल म्हणून जा, पण कर्ज कशाला?)

मागच्या दोन-तीन बॅचमधली मुलं गाठा. फ्लेक्सवर फोटो आहेत ती कॉलेज स्वतःच दाखवेल. तुम्ही उरलेल्यांना भेटा आणि सहाव्या सेमिस्टरची मार्कशीट बघायला मागा.

मुलीला एवढ्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात जर्मनला घाला. शिकवणं इंग्रजीत असलं तरी घरमालक इंग्रजीत बोलेलच असं नाही. आणि परीक्षा विभागात जाताना तिलाही सोबत न्या, प्रश्न तिलाच विचारू द्या.